एकाच फाइलची तीन उत्तरे: एका लॅपटॉपवर कोरी विंडोज टाकल्याचे प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा तिचे पहिलेच वाक्य होते, "अगं, फॉरमॅट मारून टाक एकदाचा, मला आता नाही सहन होत." लॅपटॉप तीन महिन्यांपूर्वीच तिच्या ओळखीतल्या एकाने रीसेट करून दिला होता. त्यानंतर जेमतेम तीन आठवडे तो नीट चालला. मग पुन्हा तेच सुरू झाले. स्टार्ट मेनू रिकामा उघडायचा, वर्ड मध्येच बंद पडायचे, अपडेट बऱ्यापैकी पुढे जाऊन 'बदल मागे घेत आहोत' म्हणायचे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा निळा पडदा, म्हणजे विंडोज अचानक कोलमडल्याची सूचना.

या लॅपटॉपला कोऱ्या विंडोजची गरज खरोखरच होती. पण ताईने सांगितले त्याच संध्याकाळी मी ती टाकली असती, तर चौथ्या आठवड्यात लॅपटॉप पुन्हा माझ्या टेबलावर आला असता. वर तिच्या कामाच्या फाइलींचा बॅकअपही बिघडलेला निघाला असता. दोन्ही टळले ते कामाचा क्रम बदलल्यामुळे, म्हणून हा क्रम तपशिलाने लिहिते आहे.

लॅपटॉप २०२१ चा. अकराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की बसवलेली ८ जीबी रॅम. आला तेव्हा विंडोज १० होम होती, पुढे तिनेच ११ घेतली. ताई अनुवाद करते आणि पुस्तकांची अक्षरजुळणी करते. वर्षानुवर्षांचे काम त्या एका डिस्कवर, आणि एका जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर त्याची प्रत, "जमेल तेव्हा" घेतलेली.

आधी नेहमीचे उपाय केले. डिझम आणि एसएफसी ही विंडोजमधलीच दुरुस्तीची साधने. डिझमने विंडोजच्या मूळ घटकांचा साठा दुरुस्त केला, मग एसएफसीने चालू सिस्टिमच्या फाइली त्या साठ्याशी ताडून पाहिल्या. याच क्रमाने करावे लागते, कारण एसएफसी चांगली प्रत त्या साठ्यातूनच उचलते. एसएफसीने काही फाइली दुरुस्त केल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवले तर पुन्हा काही फाइली खराब, आणि नावे वेगळीच. निळ्या पडद्यांचेही तेच. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल', एकदा 'सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन'. एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तो सहसा त्याच त्याच ठिकाणी पडतो. इथे दर वेळी जागा बदलत होती. ही खूण मी तिथेच ओळखायला हवी होती. पण मीही मनात 'सिस्टिम फार कुजली आहे, कोरी टाकू' असेच धरून बसले होते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष गेले नाही.

मग नेहमीची शेवटची पायरी. विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोज बसवण्याचे सगळे सामान असलेली एकच मोठी फाइल, तिच्याच लॅपटॉपवर उतरवून घेतली. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर प्रत्येक भाषेच्या आयएसओचा एसएचए-२५६ हॅश दिलेला असतो. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून काढलेला ६४ अक्षरांचा ठसा. फाइलीतला एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, जरी इकडचा तिकडे झाला तरी हा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिलने तो काढता येतो, वेगळे काही बसवावे लागत नाही. मी ही तपासणी नेहमी करते. बहुतेक वेळा ठसा जुळतो आणि मिनिटभरात पुढे जाता येते.

या वेळी तो जुळला नाही.

डाउनलोड मध्ये कुठेतरी तुटले असेल असे वाटून फाइल पुन्हा उतरवली. पुन्हा जुळला नाही. मग लॅपटॉप बंद करून चालू केला आणि त्याच, दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाइलीचा हॅश पुन्हा काढला. आता वेगळीच ओळ आली. पुन्हा रीस्टार्ट, तिसऱ्यांदा तीच आज्ञा, आणि तिसरीच ओळ. तिन्ही ओळी मी वहीत एकाखाली एक उतरवून घेतल्या आणि थोडा वेळ नुसती बघत राहिले. डिस्कवरची फाइल तर कोणी हात लावल्याशिवाय बदलत नाही. ती एकच असूनही तिचे वाचन तीन वेळा तीन प्रकारचे होत असेल, तर दोष डिस्क आणि प्रोसेसर यांच्या मधल्या वाटेत कुठेतरी आहे. (रीस्टार्ट मुद्दाम केला. एकदा वाचलेली फाइल विंडोज रॅममध्ये धरून ठेवते, त्यामुळे लागोपाठ काढलेला हॅश त्याच चुकीच्या प्रतीवरून निघू शकतो आणि सारखाच येऊन फसवू शकतो.)

पेनड्राइव्ह बाजूला ठेवला आणि ताईला फोन केला. "ह्यात कधी काही नवीन बसवलंस का?"

"काही नाही गं. हां, रॅम वाढवली होती, दीडेक वर्ष झालं. तेव्हापासून छान पळत होता की."

पट्टी

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्यावरून सुरू केला. हे साधन विंडोज सुरू होण्याआधीच चालते आणि रॅमच्या प्रत्येक जागेत ठरावीक नक्षी लिहून ती परत वाचते. त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. १६ जीबीला त्यासाठी कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपले. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. पहिली फेरी निर्दोष गेली होती, दुसऱ्या फेरीपासून चुका. सगळ्यांत एकच तऱ्हा दिसत होती. लिहिलेला आकडा आणि परत वाचलेला आकडा यांत एकाच बिटाचा फरक, आणि तोही प्रत्येक वेळी त्याच स्थानी.

पहिली फेरी निर्दोष गेल्याचे मुद्दाम सांगते आहे. घाईत असलेला माणूस एक फेरी झाली की 'रॅम ठीक आहे' म्हणून उठतो. काही बिट रॅम तापल्यावरच चुकतात.

मागचे झाकण उघडून नंतर बसवलेली रॅमची पट्टी काढली. बोर्डावरच्या ८ जीबीवर पुन्हा चार फेऱ्या, एकही चूक नाही. मग पट्टीचे सोनेरी दात कोरड्या, मऊ कापडाने पुसून ती परत नीट दाबून बसवली, कारण कधी कधी दोष नुसत्या सैल बसण्यात असतो. चुका पुन्हा आल्या. तेव्हाच पट्टी कायमची काढली. विंडोज ११ ची अधिकृत किमान गरज ४ जीबीची आहे. नवी पट्टी येईपर्यंत ८ जीबीवर ताईचे काम थोडे दमाने, पण बिनचूक होणार होते.

तीन महिन्यांपूर्वीचा रीसेट का टिकला नाही, हे आता कळले. 'रीसेट धिस पीसी'मध्ये दोन वाटा असतात. एक वाट विंडोज इंटरनेटवरून नव्याने उतरवते. दुसरी त्याच यंत्रावर असलेल्या फाइलींतून ती नव्याने उभी करते. ज्याने रीसेट केला त्याने दुसरी वाट घेतली होती, शिवाय 'माझ्या फाइली ठेवा'. वाट कोणतीही घेतली असती तरी प्रत्येक बाइट सदोष पट्टी असलेल्या त्या रॅममधूनच जाणार होता.

मग कोरी विंडोज आता कशाला?

पट्टी काढल्यावर लॅपटॉप दोन दिवस एकदाही पडला नाही. ताई म्हणाली, "मग झालं की. आता कशाला पुसायचं?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि मीही त्यावर दोन दिवस घालवले.

सदोष रॅमचे नुकसान पट्टी काढली की थांबते, पण झालेले भरून येत नाही. दीड वर्ष या यंत्राने अपडेट बसवले, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगची नोंदवही) लिहिली, प्रोग्रॅम उतरवले. त्यातले काही बिट चुकीचे लिहिले गेले आणि डिस्कवर तसेच राहिले. विंडोजच्या स्वतःच्या फाइली डिझम आणि एसएफसी तपासू शकतात, कारण त्यांचे मूळ ठसे उपलब्ध असतात. रजिस्ट्रीला असा ठसा नसतो. ताईच्या बाकीच्या प्रोग्रॅमच्या फाइली कोणाशी ताडायच्या? चालू विंडोजच्या आतूनच सेटअप चालवून प्रोग्रॅम आणि फाइलींसकट दुरुस्ती करता येते. एरवी मी आधी तीच सुचवते. पण ती रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि बसवलेले प्रोग्रॅम जसेच्या तसे पुढे नेते, आणि इथे संशय नेमका त्यांच्यावरच होता.

नुसत्या मंद लॅपटॉपसाठी कोणी कोरी विंडोज टाकायला सांगितली तर मी आधी 'थांबा' म्हणते. सुरू होतानाच चालू होणारे नको ते प्रोग्रॅम, भरलेली डिस्क, जुनी फिरती हार्ड डिस्क, अशी कारणे निघतात आणि कोऱ्या विंडोजने त्यातले एकही मुळातून जात नाही. इथे मात्र सिस्टिमच्या कोणत्या भागावर विश्वास ठेवायचा हेच सांगता येत नव्हते. तेवढ्यासाठी पुसणे योग्य होते.

बॅकअप, पण पट्टी काढल्यानंतर

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पट्टी आत असताना घेतलेला बॅकअप त्याच चुकणाऱ्या रॅममधून नक्कल झाला असता. कॉपी करताना विंडोज तक्रार करत नाही. फाइलीचा आकार तोच राहतो, तारीख तीच राहते, आत एखादे अक्षर किंवा चित्राचा तुकडा बदललेला असतो. त्यानंतर मूळ डिस्क पुसली की चांगली प्रत कायमची गेली.

लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शनही चालू होते. म्हणजे डिस्कवरचे सगळे कुलूपबंद, आणि ते उघडण्यासाठी सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांची ४८ अंकी रिकव्हरी की. ती ताईच्या खात्यातून आधी कागदावर उतरवून घेतली आणि मग एन्क्रिप्शन बंद केले. बंद करताना संपूर्ण डिस्क वाचून पुन्हा लिहिली जाते. सदोष पट्टी आत ठेवून हे केले असते तर काय झाले असते, याची कल्पनाही नको वाटते.

मग दोन प्रकारचे बॅकअप घेतले. पहिला, क्लोनझिला या साधनाने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, एका मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवर. त्याआधी शिफ्ट दाबून धरून शटडाउन करावे लागते. नाहीतर 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) अर्धवट उघडे राहते आणि क्लोनझिला ते घ्यायला नकार देते. इमेज घेऊन झाल्यावर ती परत उतरवता येण्याजोगी आहे का हे तपासू का, असे क्लोनझिला विचारते. तिथे 'हो' म्हणावे, वेळ लागला तरी. दुसरा बॅकअप साधा, फाइलींच्या नकलांचा.

नकला घेताना डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सगळ्यांनाच आठवतात. न दिसणाऱ्या जागा विसरल्या जातात. ताईच्या बाबतीत अशा दोन जागा मोलाच्या निघाल्या.

एक, फॉन्ट. तिचे २००० च्या दशकातले काम युनिकोड सर्रास होण्याआधीच्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे सांकेतिक क्रमांक आहेत. त्या जुन्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. फॉन्ट हरवला की फाइल उघडते, पण समोर येते ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास. विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरातून मी ते सगळे उचलले, तरी तिच्या एका पुस्तकातली शीर्षके तशीच विस्कटलेली दिसली. विंडोज १० पासून फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरताही बसवता येतो, आणि तसा बसवलेला फॉन्ट मुख्य फोल्डरात नसून ॲपडेटा या वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डराच्या आत, लोकलखाली, वेगळ्या फॉन्ट फोल्डरात असतो. ताईचे शीर्षकांचे चारही फॉन्ट तिथे होते. डिस्क पुसण्याआधी दुसऱ्या संगणकावर तिच्या पाच फाइली उघडून पाहिल्या नसत्या तर हे कळलेच नसते.

दोन, वर्डचा तिचा स्वतःचा शब्दकोश. शुद्धलेखन तपासताना 'शब्द जोडा' म्हणत म्हणत तिने तो वाढवत नेला होता. ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये युप्रूफ नावाच्या फोल्डरात ही एक साधी मजकुराची फाइल असते. उघडली तर हजारो ओळी. व्यक्तिनामे, गावांची नावे, संपादकांशी वाद घालून ठरवलेली रूपे. "हे जातं का पुसलं की?" ताईने विचारले, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. तीन ठिकाणी ठेवली ती.

टायपिंगच्या जुन्या प्रोग्रॅमचा परवाना एका यंत्राशी बांधलेला होता. तो पुसण्याआधी प्रोग्रॅममधूनच मोकळा करून घेतला.

बिघडलेल्या फाइली कशा शोधल्या

दीड वर्षात ताईच्या स्वतःच्या किती फाइली बिघडल्या, हा प्रश्न उरलाच. एकेक उघडून पाहणे अशक्य होते.

डॉक्स आणि एक्सएलएसएक्स या फाइली आतून झिपच असतात, आणि झिपमधल्या प्रत्येक घटकाबरोबर त्याचा सीआरसी-३२ हा तपासअंक साठवलेला असतो. म्हणजे अशी फाइल स्वतःच सांगू शकते की आपण धड आहोत की नाही. सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' म्हणून सोय आहे. तिला या फाइली एकगठ्ठा दिल्या, साधारण ४००० होत्या. काही मिनिटांत तीन नावे लाल झाली. फक्त तीन, पण त्यांतली एक चालू पुस्तकाची.

जुन्या डॉक फाइलींना आणि जेपेगला अशी सोय नाही. त्यांच्यासाठी ताईची ती "जमेल तेव्हा"वाली एक्स्टर्नल डिस्क कामी आली. तिथली प्रत आणि लॅपटॉपवरची प्रत यांचा आकार आणि तारीख तीच असून हॅश वेगळा आला, तर दोघींपैकी एक बिघडलेली. अशा अकरा जोड्या निघाल्या, बहुतेक स्कॅन केलेली पाने. प्रत्येक जोडी शेजारी शेजारी उघडून धड प्रत ठेवली. तीन डॉक्सपैकी दोन त्याच डिस्कवर धड मिळाल्या. चालू पुस्तकाची फाइल ताईने संपादकांना आठवड्यापूर्वी पाठवली होती, ती पाठवलेल्या मेलमधून परत घेतली. एका आठवड्याच्या दुरुस्त्या तिला पुन्हा कराव्या लागल्या.

प्रत्यक्ष पुसणे

इथून पुढचे काम सर्वांत कमी वेळाचे.

आयएसओ माझ्या संगणकावर उतरवली, हॅश जुळला. ड्रायव्हर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या पानावरून नव्याने घेतले. पीएनपीयुटिलने जुन्या विंडोजमधले सगळे ड्रायव्हर एका आज्ञेत काढून घेता येतात, पण संशयित डिस्कवरून ते घेण्यात अर्थ नव्हता.

विंडोज बसवण्याचा पेनड्राइव्ह रूफस या साधनाने बनवला, किमान ८ जीबीचा लागतो. आयएसओतली मुख्य फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकते आणि फॅट३२ या जुन्या मांडणीच्या पार्टिशनवर तेवढी मोठी एक फाइल बसत नाही. म्हणून आयएसओ उघडून नुसते कॉपी-पेस्ट केले की बऱ्याच जणांचे तिथेच अडते. रूफसमध्ये आणखी एक सोय आहे, स्थानिक खाते कोणत्या नावाने बनवायचे ते आधीच ठरवता येते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली तर वापरकर्त्याच्या फोल्डराला ईमेलची पहिली पाच अक्षरे मिळतात. ताईचा जुना फोल्डर तसाच पाच अक्षरांचा होता, आणि तिच्या पुस्तकांच्या मांडणीच्या फाइलींत प्रत्येक चित्राचा पूर्ण पत्ता त्या फोल्डराच्या नावासकट लिहिलेला. नाव बदलले असते तर शेकडो चित्रांचे दुवे तुटले असते. म्हणून तीच पाच अक्षरे दिली.

सेटअप सुरू केला आणि डिस्कची यादी रिकामी आली. घाबरण्यासारखे दिसते, पण हे अपेक्षित होते. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते, आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसला तर त्याला डिस्क दिसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरखाली हे नाव मी आधीच पाहून ठेवले होते. उत्पादकाकडचा ड्रायव्हर सहसा बसवण्याच्या फाइलीच्या रूपात येतो, तो आधी सोडवून त्यातला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा लागतो. 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवला आणि डिस्क आली. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, बरेच जण तसेच सुचवतात. मी तो चालूच ठेवला, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

पार्टिशन काढून टाकण्याआधी पेनड्राइव्ह सोडून सगळे काही उपटून ठेवले. यादीत डिस्कना फक्त क्रमांक आणि आकार असतो, आणि रात्री अकराला 'डिस्क ०' की 'डिस्क १' यात चूक व्हायला फार वेळ लागत नाही. डिस्क ० वरची सगळी पार्टिशन काढली, सगळी जागा 'अनअलोकेटेड' झाली, तीच निवडून पुढे गेले. हवी ती छोटी पार्टिशन सेटअप स्वतः बनवतो. प्रॉडक्ट की विचारली नाही. अशा लॅपटॉपांत ती फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या कायमच्या प्रोग्रॅममध्येच असते, आणि विंडोज होम आपोआप निवडली गेली. नेटला जोडल्यावर ती आपसूक ॲक्टिव्हेट झाली. पहिल्यांदा वायफाय ओळखले नाही, तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगने काम भागवले.

हे सगळे तासाभरात झाले. त्याआधीच्या तपासण्या आणि बॅकअप यांना पाच दिवस लागले होते.

जे माझ्याकडून राहिले

ब्राउझरचा सगळा प्रोफाइल फोल्डर मी कॉपी केला होता आणि नव्या विंडोजमध्ये जागेवर ठेवला. बुकमार्क आले, इतिहास आला. पासवर्डांची जागा रिकामी. ताईचे सिंक, म्हणजे ब्राउझरची माहिती ऑनलाइन खात्यात जपण्याची सोय, बंद होते, आणि तीसेक पासवर्ड फक्त तिथेच होते.

कारण नंतर बघायचे नव्हते, आधीच माहीत असायला हवे होते. विंडोजवर हे पासवर्ड डीपीएपीआय नावाच्या सोयीने कुलूपबंद केलेले असतात, आणि त्याची किल्ली त्या विंडोजमधल्या त्या वापरकर्ता खात्याशी बांधलेली असते. नव्या विंडोजमध्ये नाव तेच आणि पासवर्डही तोच दिला, तरी ते खाते नवे आणि किल्ली नवी. जुने कुलूप तिने उघडत नाही. पुसण्याआधी ब्राउझरमधूनच पासवर्ड निर्यात करणे, किंवा सिंक चालू करणे, एवढेच करायचे होते. माझ्या यादीत आता ते बॅकअपच्याही आधी आहे.

वाचवले ते क्लोनझिलाच्या इमेजने. माझ्याकडे एक रिकामी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी होती. इमेज तिच्यावर उतरवली, लॅपटॉप उघडून नवी विंडोज असलेली एसएसडी काढली आणि ही बसवली. जुनी विंडोज जशी होती तशी सुरू झाली. बायॉसमध्ये व्हीएमडी बंद केला असता तर ती याच ठिकाणी अडली असती. ताईने जुना पासवर्ड टाकला, ब्राउझर उघडला, सगळे पासवर्ड एका सीएसव्ही फाइलीत निर्यात केले. एसएसडी पुन्हा बदलून ते नव्या विंडोजमध्ये आणले आणि सीएसव्ही लगेच पुसली, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघड्या मजकुरात असतात. फक्त फाइलींच्या नकला घेऊन डिस्क पुसली असती तर हे तीस पासवर्ड एकेका संकेतस्थळावर जाऊन नव्याने लावत बसावे लागले असते, आणि दोन खात्यांचे नोंदवलेले फोन क्रमांक ताईकडे आता नाहीत.

लॅपटॉप परत देण्याआधी तीच आयएसओ तिच्या नव्या विंडोजवर ठेवून हॅश काढला, रीस्टार्ट करून पुन्हा काढला, आणि पुन्हा रीस्टार्ट करून तिसऱ्यांदा. वहीत आधीच्या तीन वेगवेगळ्या ओळींखाली या तीन ओळी लिहिल्या. तिन्ही सारख्या, आणि डाउनलोड पानावरच्या ओळीशी जुळणाऱ्या. महिन्याभराने नवी पट्टी आली तेव्हा ती बसवून आधी मेमटेस्टच्या चार फेऱ्या झाल्या, मगच ताईने वर्ड उघडले.

इमेज असलेली एक्स्टर्नल डिस्क अजून माझ्याकडे आहे. चालू पुस्तक छापून येईपर्यंत ती तशीच ठेवायचे आम्ही ठरवले आहे.